काकू, तुमचं वायफाय जरा हळू बोलेल का?

मुलांनो, आधी एक काम करा. हा अंक क्षणभर बाजूला ठेवा आणि आपल्या घरात वायफायचा डबा कुठे बसवलाय ते बघून या.

आलात? कुणाचा टीव्हीच्या मागे असेल, कुणाचा माळ्यावर, कुणाचा लोखंडी कपाटावर धूळ खात. आमचा कुठे होता सांगू? चपलांच्या रॅकवर! आणि त्याला अगदी खेटून दोनशे लिटरचं निळं पिंप, काठोकाठ पाण्याने भरलेलं. डबा बसवायला आलेल्या दादाची वायर तिथवरच पुरली. तो म्हणाला, "ताई, इथंच ठोकतो." मी म्हटलं, "ठोका." पिंप तर तिथे आधीपासूनच होतं. तेव्हा आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नसे, मधे कितीतरी दिवस कोरडे जायचे. त्यामुळे सिडको असो की जुनं शहर, पिंपाशिवाय घर नाही. पण पिंपाचा आणि इंटरनेटचा काही संबंध असतो, हे काही मी डीएडला शिकले नव्हते.

तर ही गोष्ट आहे जुलै २०२० मधली. आपलं छत्रपती संभाजीनगर तेव्हा औरंगाबाद होतं. करोनामुळे शाळा बंद. माझ्याकडे चौथीचा वर्ग. ज्यांच्या घरी फोन होता ती मुलं सकाळी अकरा वाजता त्या छोट्या पडद्यावर गोळा व्हायची आणि मी हॉलमध्ये बसून त्यांना गणित शिकवायची. हॉलमध्ये सासूबाईंचा टीव्ही, माझ्या लेकीची भातुकली आणि कुकरच्या शिट्ट्या. मला हवी होती मागची खोली. शांत, दार लावता येणारी. पण तिथे गेलं की फोनवरच्या त्या पंख्यासारख्या चिन्हातली एकच रेघ शिल्लक राहायची.

नेट देणाऱ्या कंपनीला फोन केला. पण १० ते १८ जुलै शहरात कडक संचारबंदी होती. कोण येणार? मग मी ठरवलं, आपणच करू. इतकी वर्षं मुलांना 'प्रयत्न करा, प्रयत्न करा' म्हणून सांगतोच ना!

डब्याच्या पोटाला एक चिठ्ठी चिकटवलेली असते, पाहिलीत? तिच्यावर एक पत्ता असतो. बऱ्याच डब्यांवर तो १९२.१६८.१.१ असा किंवा याच्या जवळपासचा असतो. तो फोनच्या ब्राउझरमध्ये टाकला की डब्याचं आतलं पान उघडतं. खरं तर त्या एका डब्यात दोन-तीन यंत्रं राहतात. बाहेरच्या तारेतून आलेलं इंटरनेट घरात वाटून देणारा तो राउटर, आणि ते बिनतारी करून हवेत सोडणारा तो ॲक्सेस पॉइंट. मला काम होतं या दुसऱ्याशी. त्याच्या पानावर 'ॲडव्हान्स्ड' असं लिहिलेलं एक दार होतं. आत शिरले तर काय, नुसती कोडी! चॅनल, चॅनल विड्थ, ट्रान्समिट पॉवर, बीकन इंटरव्हल, शॉर्ट जीआय...

'ट्रान्समिट पॉवर'चा अर्थ मात्र कळला. प्रक्षेपणाची ताकद. 'मीडियम' होती, ती मी 'हाय' केली. 'विड्थ' म्हणजे रुंदी. रस्ता रुंद असला की गाड्या भरभर जातात, म्हणून वीसची चाळीस केली. चॅनलच्या यादीत कोण कुठे आहे हेही दिसत होतं. एकवर दोघं, सहावर तिघं. तीनवर कुणीच नाही! मी म्हटलं, ही रिकामी जागा आपली. तीन निवडलं, 'सेव्ह' दाबलं आणि मागच्या खोलीत गेले.

सगळ्या रेघा भरलेल्या! मला इतका आनंद झाला की सासूबाईंना हाक मारून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बरं."

दुसऱ्या दिवसापासून मी दार लावून मागच्या खोलीत शिकवायला लागले. शब्दांची गणितं चालू होती. माझ्या वर्गात एक मुलगा होता, नाव नाही सांगत. त्याचे वडील रिक्षा चालवायचे. रिक्षा बंद असल्यामुळे त्यांचा फोन घरीच असायचा, म्हणून तो रोज हजर. वर्गात असताना पाढे म्हणायला सगळ्यांच्या पुढे. पण आता मी त्याला प्रश्न विचारला की नुसता बघत राहायचा. पुन्हा विचारलं तरी तेच. एकदा म्हणाला, "बाई, आवाज येत नाहीये." मी माझ्या फोनकडे पाहिलं. सगळ्या रेघा! मी म्हटलं, "माझ्याकडे फुल्ल रेंज आहे. तुझंच लक्ष नाही." सगळ्यांसमोर म्हटलं. तीन दिवसांनी तो आवाज येत नाही असंही म्हणेना. मी हजेरीच्या वहीत त्याच्या नावापुढे पेन्सिलने 'लक्ष नाही' असं लिहिलं.

त्याच आठवड्यात दारावरची बेल वाजली. खालच्या मजल्यावरची बारावीतली ताई, तोंडाला मास्क, जिन्यात दोन पायऱ्या खाली उभी.

"काकू, राग नका मानू. पण सोमवारपासून तुमच्या वायफायनं आमचं वायफाय खाल्लंय."

मला हसूच आलं. हे काय खायचं असतं होय? तिने फोन उंच धरून लांबूनच दाखवला. त्यावर एक ॲप होतं आणि ॲपमध्ये रंगीत डोंगर. प्रत्येक घराच्या वायफायचा एक डोंगर. बाकीचे डोंगर आटोपशीर होते. आमचा मात्र दौलताबादच्या किल्ल्यासारखा सगळ्यांच्या डोक्यावर, आणि इतका पसरट की डाव्या-उजव्या दोन्ही डोंगरांना त्याने पोटात घेतलेलं! तिच्या क्लासची चाचणी अर्ध्यावर तुटली होती. तिची आई म्हणाली होती, "जाऊ दे, बाई आहेत त्या, काय बोलणार." पण ती आली. बरं झालं आली.

मग जिन्यात ती खाली आणि मी वर, असा आमचा वर्ग भरला. बाई ती होती, विद्यार्थिनी मी.

मुलांनो, ती जे बोलली आणि पुढे मी स्वतः वाचलं ते तुम्हाला सांगते. वायफायचा जुना पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा. आपल्या देशात २००५ पासून तो वापरायला परवाना लागत नाही. गावच्या पाणवठ्यासारखाच म्हणा ना, कुणीही यावं आणि घागर भरावी. या पाणवठ्यावर १ ते १३ असे आकडे टाकलेत, तेच चॅनल. पण गंमत पाहा, दोन आकड्यांमध्ये अंतर फक्त ५ मेगाहर्ट्झ, आणि बसणाऱ्याला लागते २० मेगाहर्ट्झ जागा. म्हणजे तेरा आकडे असले तरी एकमेकांना धक्का न लावता बसतात तिघंच. एक, सहा आणि अकरा. मी रुंदी चाळीस केली तेव्हा तीन माणसांच्या बाकावर दोघांची जागा एकटीने अडवली होती.

आणि ते रिकामं तीन? ते तर आणखीच वाईट. दोन घरं एकाच चॅनलवर असली तर भांडत नाहीत बरं का! वायफायचा पहिला नियमच आहे, बोलण्याआधी ऐका. डबा असो की फोन, आधी कानोसा घेतो. कुणी बोलत असेल तर थांबतो. ते संपलं की मनातल्या मनात एक आकडा धरून तितका वेळ मोजतो आणि मग बोलतो. प्रत्येकाचा आकडा वेगळा, म्हणून सहसा दोघं एकदम बोलत नाहीत. ही युक्ती फार जुन्या घरातली आहे. हवाई बेटांवरच्या विद्यापीठाने १९७१ मध्ये बेटाबेटांवरचे संगणक रेडिओने जोडले, त्या जाळ्याचं नाव अलोहानेट. तिथे दोन निरोप एकमेकांवर आपटले की दोघांनी वाटेल तितका, पण वेगवेगळा वेळ थांबून पुन्हा पाठवायचं, असं ठरवलेलं होतं. आधी कानोसा घ्यायची भर नंतर पडली. पण हे ऐकणं जमतं कधी? समोरच्याचे शब्द कळले तर. मी एक आणि सहाच्या मधे जाऊन बसले होते. माझं बोलणं दोन्हीकडच्यांना शब्द म्हणून कळत नव्हतं, नुसता गोंगाट म्हणून कानावर आदळत होतं. त्यांचंही मला तसंच.

"आणि काकू, पॉवर का वाढवलीत?"

"मागच्या खोलीत रेंज येत नव्हती. आता बघ, सगळ्या रेघा येतात."

"त्या रेघा म्हणजे डब्याचा आवाज तुमच्या फोनला किती मोठा येतो ते. तुमच्या फोनचा आवाज डब्याला किती येतो, ते त्यात दिसतच नाही."

मी गप्पच झाले.

तुम्हीही जरा थांबून विचार करा. डबा भिंतीवरच्या विजेवर चालतो, त्याला मोठमोठे अँटेना. फोनची बॅटरी ती केवढी, आणि अँटेना आतल्या आत दडवलेला. डब्याने ओरडून सांगितलं तर फोनला ऐकू येईल. पण फोनने दिलेलं उत्तर भिंती ओलांडून तिथवर पोचायला हवं ना? शिवाय वायफायमध्ये रजिस्टर पोस्टासारखी पोचपावती असते. निरोपाचा एकेक तुकडा मिळाला की समोरच्याने 'मिळाला' असं कळवायचं. पावती आली नाही की तोच तुकडा पुन्हा पाठवायचा. माझ्या फोनचे तुकडे डब्यापर्यंत जातच नव्हते. तो बिचारा पुन्हा पुन्हा पाठवत बसायचा आणि तोवर माझं वाक्य पुढे निघून जायचं. मुलांचे आवाज मला स्वच्छ येत होते. माझाच आवाज त्यांच्यापर्यंत फुटून फुटून पोचत होता. ताकद कमी होती तेव्हा एक रेघ बघून मी निमूटपणे हॉलमध्ये बसत होते आणि सगळं ठीक चाललं होतं. ताकद वाढवली, रेघांवर विश्वास ठेवला आणि त्या खोलीत जाऊन बसले!

वाटेत आणखी कोण उभं होतं, आठवतं का? पिंप. २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब असते आणि पाणी तिला चांगलंच शोषून घेतं. मायक्रोवेव्ह भट्टीत अन्नातलं पाणी तापवतात ते याच पट्ट्यातल्या लहरींनी. दोनशे लिटर पाणी म्हणजे डबा आणि मागची खोली यांच्यामधे बांधलेलं धरणच!

त्या दुपारी मी पान पुन्हा उघडलं. ताकद 'मीडियम', रुंदी वीस, चॅनल अकरा. पिंप जड, ते काही हलेना, म्हणून डबाच हलवला. घरात एक लांब वायर होती, ती जोडून तो बोळकांडीत दाराच्या वर, उंचावर टांगला. आमच्या डब्यात दुसरा पट्टाही निघाला, ५ गिगाहर्ट्झचा. आपल्याकडे २०१८ मध्ये त्याचा बराच मोठा भाग परवान्याशिवाय खुला झाला. तिथे बसायला जागा ऐसपैस, पण लहर आखूड, भिंती ओलांडताना लवकर दमते. हॉलमधल्या टीव्हीला तो पट्टा दिला, म्हणजे पाणवठ्यावर एक घागर कमी.

आता त्याच 'ॲडव्हान्स्ड' पानावरच्या एका कोड्याबद्दल सांगते, कारण मला ते फार आवडलं. 'शॉर्ट जीआय'. तुम्ही वेरूळला सहलीला गेला असाल तर दहाव्या लेण्यात नक्की थांबला असाल. विश्वकर्मा लेणं, ज्याला सुतारलेणंही म्हणतात. तिथे एक शब्द उच्चारला की तो कमानीच्या छतात घुमत राहतो. आमच्या मुलांनी एकदा तिथे पाढा म्हटला. भरभर म्हटला, तर सगळ्या आकड्यांची खिचडी झाली. मग एकेक आकडा म्हणून मधे थांबायला सांगितलं. आधीचा घुमारा विरला की पुढचा आकडा. लगेच कळायला लागलं! घरातही असंच होतं. रेडिओलहर भिंतीवर, कपाटावर, फ्रिजवर आपटते आणि एकच निरोप चार वाटांनी, मागेपुढे पोचतो. म्हणून वायफाय दोन अक्षरांमध्ये चिमूटभर थांबतं. तो थांबा नेहमी ०.८ मायक्रोसेकंदाचा, आणि 'शॉर्ट' निवडला तर ०.४ चा. एका मायक्रोसेकंदात लहर ३०० मीटर जाते, म्हणजे ०.४ मध्ये १२० मीटर. आमच्या दोन खोल्यांत एवढा वळसा घालून येणारा घुमारा कुठला? म्हणून ते चालू राहू दिलं.

या घुमाऱ्यावर उपाय शोधणारी माणसं कोण होती, माहीत आहे? आकाशाला कान लावून बसणारी! ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी विज्ञानसंस्थेतले जॉन ओ'सलिव्हन आणि त्यांचे सहकारी. ओ'सलिव्हन हे रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ. फुटणाऱ्या चिमुकल्या कृष्णविवरांचे क्षीण रेडिओ-इशारे त्यांनी आधी शोधून पाहिले होते. ते काही सापडले नाहीत. पण विस्कटलेल्या लहरी निवडायचं गणित हाताशी राहिलं आणि ते पुढे घरातल्या प्रतिध्वनींसाठी कामी आलं. एकाच आवाजात भरभर बोलण्याऐवजी निरोपाचे तुकडे करायचे आणि अनेक वेगवेगळ्या सुरांत, प्रत्येक सुरात सावकाश, पण सगळे एकाच वेळी सोडायचे. १९९६ मध्ये त्यांना याचं अमेरिकेतलं पेटंट मिळालं.

याच संस्थेत, त्याच्या कितीतरी आधी, १९५३ मध्ये आपले गोविंद स्वरूप शिकायला गेले होते. तिथल्या सहा फुटी ३२ तबकड्या पुढे भारताला भेट मिळाल्या. त्या कुठे उभ्या राहिल्या असतील? आपल्या कल्याणला, १९६५ मध्ये! सूर्याकडून येणाऱ्या रेडिओलहरी त्या टिपत. नंतर स्वरूप यांच्याच पुढाकाराने नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी ही महादुर्बीण झाली. शिवनेरी बघायला जुन्नरला गेलात तर खोडद तिथून लांब नाही. तिथे आत जाताना मोबाइल बंद करायला लावतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेली कुजबुज ऐकायची, तर शेजारी कुणी बोलून कसं चालेल?

हं, पण मी भरकटले. मुद्द्याची गोष्ट राहिलीच.

त्या संध्याकाळी मी रिक्षावाल्या दादांच्या फोनवर फोन केला आणि म्हटलं, पोराला द्या. तो आला, "हं बाई." मी त्याला सांगितलं की आवाज खरंच येत नव्हता, चूक माझ्या घरातल्या डब्याची होती आणि त्याहून जास्त माझी. तू खरं बोलत होतास आणि मी सगळ्यांसमोर तुला बोलले, उद्या सगळ्यांसमोर तसं सांगेन. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाई, मला वाटलं तुम्ही माझ्याशीच बोलायचं बंद केलंय."

काय होत होतं, तर प्रश्न विचारताना मी त्याचं नाव घ्यायची, तेवढं त्याला ऐकू जायचं. पुढचं वाक्य तुटायचं. नाव हाकारून बाई गप्प बसतात आणि आपल्याकडे बघत राहतात. नऊ वर्षांच्या मुलाने यातून काय समजायचं?

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं. पेन्सिलने लिहिलेलं खोडलं, पण कागदावर वळ राहिला. ती वही माझ्याकडे अजून आहे.

आता तुम्हाला हे पान उघडावंसं वाटणार, मला ठाऊक आहे. आईबाबांना शेजारी बसवल्याशिवाय उघडू नका. आणि काही बदलण्याआधी जुने आकडे कागदावर लिहून घ्या. मी ते केलं नव्हतं, सगळं आठवून आठवून परत लावावं लागलं. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने सुधारलं आणि कशाने बिघडलं, कळत नाही. 'कंट्री' असं लिहिलेलं असेल तिथे भारतच राहू द्या. दुसऱ्या देशाचं नाव टाकलं की जास्त ताकद मिळते, असं कुणीतरी सांगेल. ऐकू नका. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात काही चॅनलजवळ हवामानाचे रडार काम करतात. तिथे बसणाऱ्या डब्याने सुरू झाल्यावर निदान मिनिटभर नुसतं ऐकायचं आणि रडारची चाहूल लागली की उठून दुसरीकडे जायचं, असा नियम आहे. त्यामुळे कधी कधी डबा मिनिटभर मेल्यासारखा वाटतो. मेलेला नसतो, कानोसा घेत असतो.

आणि पालकहो, या पानाचा पासवर्ड चिठ्ठीवरचाच ठेवला असेल तर तो आजच बदला. वायफायचं नाव लपवून ठेवलं की चोर येत नाहीत, हा एक समज आहे. नाव लपतं, लहरी लपत नाहीत. लांबलचक पासवर्ड आणि डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ ही कुलपं खरी.

आमच्या इमारतीत सहा घरं. ताईने त्या आठवड्यात सगळ्यांकडे जाऊन एक, सहा, अकरा असे नंबर वाटून दिले. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी विचारलं, "रेशनसारखं आहे का हे?" ती म्हणाली, "हो आजोबा." ते नाखुशीनेच तयार झाले, आणि महिनाभराने त्यांनी गुपचूप ताकद वाढवून पाहिलीच. डोंगर दिसला ना ॲपवर!

ती ताई पुढे इंजिनिअरिंगला गेली. माझी लेक, तेव्हाची भातुकलीवाली, आता पाचवी ओलांडून गेलीय. बोळकांडीतल्या डब्याखाली मी एक कागद चिकटवलाय. चॅनल ११, रुंदी २०, ताकद मीडियम. परवा संध्याकाळी बेल वाजली. खालच्या ताईची आई जिन्यात. म्हणाल्या, "बाई, आज पुन्हा काही केलंय का हो? आमचं सारखं तुटतंय." मी आत येऊन कागद पाहिला. 'मीडियम' पेनने खोडून त्यावर सुबक अक्षरात 'हाय' लिहिलं होतं. अक्षर ओळखीचं होतं. मीच गिरवून घेतलेलं.